शिलेदार गोलरक्षक : पीटर थंगराज यांची कारकीर्द



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या दिवंगत गुरुजनांना प्रथम अभिवादन करतो. आजवर या व्यासपीठावरून संतवाङ्मय, निजामी राजवट, मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम अशा विषयांवर व्याख्याने झाली. आज मी आपल्यापुढे एका गोलरक्षकाची कारकीर्द मांडणार आहे. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने फुटबॉलकडे का वळावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर विषयाच्या ओघात मिळेलच. प्रारंभी एवढेच सांगतो की हा गोलरक्षक याच भूमीत जन्मला आणि इतरत्र नावारूपाला आला. अशा माणसाची आठवण कोणी ठेवायची, हा प्रश्न फुटबॉलइतकाच आपलाही आहे.

पीटर थंगराज यांचा जन्म २४ डिसेंबर १९३५ रोजी तत्कालीन हैदराबाद संस्थानात झाला. त्यांच्या नावातच दोन परंपरा एकत्र आलेल्या दिसतात, एक ख्रिस्ती आणि दुसरी तमिळ. सिकंदराबादची माहिती असणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. १८०६ साली वसलेल्या या छावणीत तेलुगू, उर्दू, तमिळ, मराठी आणि इंग्रजी या भाषा शेजारी शेजारी नांदत आल्या. छावणी म्हटली की कवायतीचे मैदान आले आणि मैदान आले की चेंडू आला. हिंदुस्थानात फुटबॉल पसरला तो बव्हंशी फौजेच्या पावलांनी. सिमल्याला १८८८ मध्ये सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा आणि मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा या दोन्हींचा उगम लष्करी गोटातच आहे. सिकंदराबादच्या गल्लीबोळांतील छोट्या छोट्या क्लबांतून थंगराज खेळू लागले ते या वातावरणात.

त्या काळच्या हैदराबादेत फुटबॉलला काय मोल होते, याची आजच्या तरुणांना कल्पना येणे कठीण आहे. पेशाने शिक्षक असलेले सय्यद अब्दुल रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला. १९५० सालीच ड्युरँडच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढून त्यांनी बरोबरी साधली आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात विजय मिळवला. पुढे हैदराबादने १९५६ व १९५७ या लागोपाठच्या वर्षी संतोष करंडकही पटकावला, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. ज्या गावाकडे आज आपण मोती, बिर्याणी आणि संगणकाचे गाव म्हणून पाहतो, ते एके काळी भारतीय फुटबॉलचे गुरुकुल होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र या गुरुकुलाची एक अडचण होती. खेळाडू घडवण्याची विद्या त्याच्यापाशी होती, पण त्यांना पोसण्याची ऐपत मर्यादित होती. त्या काळी फुटबॉल हा नावापुरता हौशी खेळ होता. खेळण्याचे वेतन म्हणून उघड काही मिळत नसे. पोटासाठी नोकरी हवी, आणि नोकरी द्यायची ती पोलिसांनी, रेल्वेने, एखाद्या कारखान्याने किंवा फौजेने. ज्याला सिटी पोलिसांत जागा मिळाली तो गावात राहिला. बाकीच्यांनी गाठोडे बांधले. थंगराज १९५३ मध्ये सैन्यात भरती झाले, तेव्हा ते जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे होते.

येथे आपल्या इतिहासातील दोन शब्द मला उसने घ्यायचे आहेत. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. बारगिराला घोडा, शस्त्र आणि सरंजाम सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा व आपले हत्यार घेऊन चाकरीला येई आणि मुदत संपली की दुसरीकडे चाकरी धरण्यास मोकळा असे. शिवकाळात पागेचे, म्हणजे बारगिरांचे, बळ अधिक राखले जाई आणि शिलेदार पागेच्या दिमतीस असत, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. यामागे शिलेदाराच्या शौर्याविषयी शंका नव्हती. प्रश्न त्याच्या मोकळेपणाचा होता, कारण ज्याचा घोडा स्वतःचा त्याची वाटही स्वतःची असते. खेळाच्या जगात जो एका संघातून दुसऱ्या संघात जात राहतो आणि जेथे जाईल तेथे आपले कसब पणाला लावतो, त्याला मराठीत सरळ शिलेदार म्हणावे, असे मला वाटते. थंगराज यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध बारगिराचा आहे आणि उत्तरार्ध शिलेदाराचा.

फौजेत ते मद्रास रेजिमेंटच्या केंद्राकडून खेळू लागले. निलगिरीतील वेलिंग्टन येथे हे केंद्र आहे. १७५८ पर्यंत मागे जाणारी मद्रास रेजिमेंट ही भारतीय पायदळातील सर्वांत जुनी पलटण. गंमत अशी की थंगराज तेथे प्रथम खेळले ते गोलरक्षक म्हणून नव्हे, तर सेंटर फॉरवर्ड म्हणून. गोल करणारा माणूस पुढे गोल वाचवू लागला. सहा फुटांहून अधिक उंची, लांब हात आणि आक्रमकाचा अनुभव असे सारे एकत्र आल्यावर त्यांना गोलात उभे करण्याचा निर्णय किती योग्य होता, हे लवकरच दिसून आले. चेंडू पायाशी असलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे हा गोलरक्षकाच्या कौशल्याचा अर्धा भाग असतो, आणि ज्याने स्वतः त्या जागी उभे राहून नेम धरलेला आहे त्याला ते ओळखणे सोपे जाते.

मद्रास रेजिमेंटच्या या संघाने १९५५ मध्ये भारतीय हवाई दलाला आणि १९५८ मध्ये गुरखा ब्रिगेडला हरवून ड्युरँड चषक जिंकला. दोन्ही अंतिम सामन्यांत दोन्ही बाजूंना सैनिकच होते, ही गोष्ट त्या दशकातील लष्करी फुटबॉलची ताकद दाखवते. १९६० साली सेनादलाच्या संघाने पहिल्यांदाच संतोष करंडक जिंकला, तेव्हा त्याचे नेतृत्व थंगराज यांच्याकडे होते. सरकारी पागेतील बारगिराने एवढ्या गोष्टी साधल्या.

गोलरक्षकाच्या कामाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्यापैकी अनेकांची या खेळाशी ओळख दूरचित्रवाणीपुरती असेल. गोलखांबांमधील अंतर आठ यार्ड, म्हणजे चोवीस फूट, आणि आडव्या दांडीची उंची आठ फूट. या चौकटीसमोर एकटा माणूस उभा राहतो. इतर दहा जणांना जे निषिद्ध, म्हणजे हाताचा वापर, ते त्याला विहित आहे. १९१२ पासून तेही केवळ आपल्या पेनल्टी क्षेत्रापुरतेच. त्याचा वेषही १९०९ पासून इतरांहून वेगळ्या रंगाचा झाला. तो संघात असतो, पण संघासारखा दिसत नाही. आघाडीचा खेळाडू दहा संधी दवडून अकरावी साधली तर नायक ठरतो. गोलरक्षकाने दहा चेंडू अडवले आणि अकरावा निसटला तर लोकांच्या लक्षात अकरावाच राहतो. त्याच्या यशाची नोंद धावफलकावर शून्याच्या रूपाने होते. जे घडले नाही ते त्याचे कर्तृत्व. इतिहासकाराच्या दृष्टीने ही मोठी कठीण गोष्ट आहे, कारण घडलेल्याची नोंद सापडते, टळलेल्याची सापडत नाही.

१९५६ चा नोव्हेंबर महिना आठवा. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्याला मिळाले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात आले. आपल्यापैकी ज्यांची घरे या शहरात होती आणि नातीगोती औरंगाबाद-नांदेडकडे होती, त्यांच्या कुटुंबातून राज्याची सीमा गेली. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. संघाचे शिक्षक होते हैदराबादचे रहीमसाहेब. संघात अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन आणि बलराम हे हैदराबादी खेळाडू होते, आणि दोन गोलरक्षकांपैकी एक होते थंगराज. दुसरे होते मुंबईचे एस. एस. नारायण. जे राज्य महिन्यापूर्वी संपले होते, त्या राज्याची मुले ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत पोहोचली.

त्या फेरीत युगोस्लाव्हियाने भारताला ४-१ असे हरवले आणि तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने मात केली. पदक हुकले. पण चारच वर्षांपूर्वी, १९५२ मध्ये हेलसिंकीला, याच युगोस्लाव्हियाने आपल्या अनवाणी संघावर दहा गोल चढवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या पराभवाचे खरे माप कळते. दरम्यान आपल्या खेळाडूंच्या पायांत बूट आले होते, रहीमसाहेबांची शिस्त आली होती आणि पाठीमागे उंच, भरवशाचे गोलरक्षक आले होते.

१९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारत चौथा आला. त्याच वर्षी थंगराज आशियातील सर्वोत्कृष्ट गोलरक्षक म्हणून गौरवले गेले. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीही ते संघात होते. तेथे भारताने हंगेरीकडून केवळ एका गोलाने, २-१ असा, पराभव पत्करला आणि फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेतील ती भारतीय फुटबॉलची आजवरची अखेरची हजेरी ठरली.

आणि मग १९६२ चे जकार्ता. ती स्पर्धा कशा वातावरणात झाली हे सांगितल्यावाचून अंतिम सामन्याचे महत्त्व ध्यानात येणार नाही. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवले. त्याला भारताचे ज्येष्ठ क्रीडाप्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली. परिणामी जकार्तातील जनमत भारतीयांविरुद्ध भडकले आणि भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन मैदानावर भारत आणि दक्षिण कोरिया यांचा अंतिम सामना झाला तेव्हा सुमारे एक लाख प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. आमच्या बाजूने आवाज दिला तो पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंनी, ही त्या दिवसाची एक सुखद आठवण.

साखळीतील पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला २-० असे हरवलेले होते. उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ असा जिंकला, त्या वेळी गोलात प्रद्योत बर्मन होते. अंतिम सामन्यासाठी थंगराज परतले. डोक्याला टाके पडलेले जर्नेल सिंग बचावफळी सोडून आघाडीला खेळत होते. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग यांनी गोल केला. त्यानंतर एक तासाहून अधिक काळ कोरियाचे हल्ले थोपवणे हेच मुख्य काम उरले. कोरियाला एकच गोल मिळाला, तोही अगदी अखेरीस. २-१ अशा त्या विजयाने मिळालेले सुवर्णपदक हे आशियाई क्रीडास्पर्धेतील फुटबॉलचे भारताचे आजपर्यंतचे शेवटचे सुवर्णपदक आहे. कर्करोगाने जर्जर झालेले रहीमसाहेब पुढच्याच वर्षी, ११ जून १९६३ रोजी, निवर्तले.

जकार्ताच्या त्या संघाकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहावे, असे मी सुचवतो. कर्णधार चुनी गोस्वामी यांनी आपली सारी क्लब कारकीर्द मोहन बागानमध्ये घालवली. ते त्या घराण्याचे जणू वतनदार. पी. के. बॅनर्जी हे ईस्टर्न रेल्वेचे. कलकत्त्याच्या बड्या क्लबांच्या दाराशी ते गेलेच नाहीत, नोकरीच्या संघातच रमले. आणि गोलात उभे होते थंगराज, ज्यांनी फौज सोडल्यानंतर कलकत्त्याचे तिन्ही मोठे दरबार पाहिले. वतनदार, चाकरमाने आणि शिलेदार असे तिघे एका रंगाचा सदरा घालून एकत्र लढले. कोणाची निष्ठा श्रेष्ठ, हा प्रश्न त्या नव्वद मिनिटांत निरर्थक ठरला होता.

कलकत्त्याच्या या तीन दरबारांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून त्याने आय. एफ. ए. शील्ड जिंकली आणि तो राष्ट्रीय अस्मितेचे प्रतीक बनला. मोहामेडन स्पोर्टिंग १८९१ चा. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकून त्याने देशभरच्या मुसलमान समाजात अभिमान जागवला. ईस्ट बंगाल १९२० चा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तो आपल्या हरवलेल्या गावासारखा वाटू लागला. ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा मासळीचा भाव वाढायचा आणि मोहन बागान जिंकला की कोळंबीचा, असे तेथे गमतीने म्हणतात. या गमतीमागे जात, धर्म, स्थलांतर आणि भाषेचा हेल यांचे फार खोल ताणतणाव आहेत. तिन्ही क्लबांची मैदाने मात्र एकाच विशाल पटांगणावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, आणि त्या पटांगणाची मालकी सैन्यदलाची.

या तिन्ही क्लबांच्या गोलात थंगराज उभे राहिले. मुस्लिम ओळखीच्या क्लबाचा गोल एका तमिळ ख्रिस्ती नावाच्या हैदराबादीने राखला. निर्वासितांच्या क्लबाचाही राखला आणि त्यांच्या हाडवैऱ्याचाही राखला. ज्या प्रेक्षकांनी एका हंगामात त्यांना खांद्यावर घेतले असेल, त्यांनीच दुसऱ्या हंगामात त्यांच्या पाठीशी उभे राहून हुर्यो केली असेल. कलकत्त्यात दरवर्षी खेळाडूंच्या बदलीचा हंगाम येई आणि पळवापळवीच्या, खेळाडूंना दडवून ठेवण्याच्या कथा घरोघर रंगत. पगारी व्यवसाय म्हणून खेळाला मान्यता नव्हती. राष्ट्रीय स्वरूपाची लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. तोवर खेळाडूचे भविष्य म्हणजे पदाधिकाऱ्यांचा शब्द आणि एखादी नोकरी. अशा व्यवस्थेत क्लब बदलणाऱ्याला अनेकदा लोभी म्हटले जाते. पण ज्याच्या निष्ठेला कराराचे संरक्षण नाही, त्याने आपल्या कसबाची किंमत आपणच राखली तर त्यात गैर ते काय? क्लब आवश्यकता संपल्यावर खेळाडूला निरोप देतो, तेव्हा त्याला कोणी लोभी म्हणत नाही.

शिलेदाराची नीती वेगळी असते, ती नसते असे नव्हे. जेवढी मुदत चाकरीची, तेवढी मुदत जीव ओतून लढायचे. आणि मुदत संपल्यावर पूर्वीच्या धन्याची निंदा करायची नाही. गोलरक्षकाच्या बाबतीत ही नीती पाळणे अधिकच अवघड. बदलून आलेला आघाडीपटू आपल्या जुन्या संघाविरुद्ध गोल करू शकला नाही तर लोक दुर्दैव म्हणतात. बदलून आलेल्या गोलरक्षकाच्या हातून जुन्या संघाविरुद्ध चेंडू निसटला तर लोक फितुरी म्हणतात. म्हणून त्याला प्रत्येक सामन्यात आपली सचोटी नव्याने सिद्ध करावी लागते. परस्परांचे वैरी असलेल्या तीन घरांनी ज्याच्या हाती आपली किल्ली विश्वासाने सोपवली, त्याच्या सचोटीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असू शकेल?

दरम्यान देशाची चाकरीही चालूच होती. १९६४ च्या आशियाई चषक स्पर्धेत भारताने उपविजेतेपद मिळवले. १९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ते खेळले. आशियाच्या तारकासंघात त्यांची निवड झाली. १९६७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७१ च्या सुमारास खेळणे थांबवून ते प्रशिक्षणाकडे वळले. तेथेही शिलेदारी सुटली नाही. गोव्याच्या वास्को क्लबाला त्यांनी शिकवले आणि अखेर बोकारोच्या पोलादनगरीत मुलांना घडवण्याचे काम पत्करले. गोव्याची भूमी गोलरक्षकांच्या बाबतीत भाग्यवान आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा, पुढे भारताचे नेतृत्व करणारा आणि १९९७ च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरलेला गोलरक्षक तेथेच उदयास आला. २४ नोव्हेंबर २००८ रोजी बोकारो येथे थंगराज यांचे निधन झाले. सिकंदराबाद, वेलिंग्टन, कलकत्ता, गोवा, बोकारो असा हा प्रवास.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. अशा माणसाचा इतिहास कोण लिहितो? इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यासाठी ते गावोगाव हिंडले आणि लोकांच्या माळ्यांवरून, पेटाऱ्यांतून, तळघरांतून कागद बाहेर काढले. हे कागद प्रामुख्याने कोणाच्या घरी सापडले? जे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिले त्यांच्या घरी. वतनदाराला आपला हक्क शाबित करण्यासाठी कागद जपावाच लागे. शिलेदाराला ना वतन, ना वाडा, ना दप्तर. ज्याच्या घरी दप्तर, त्याचा इतिहास, असा हा कठोर न्याय आहे.

क्लबांचेही तसेच. मोहन बागान १९११ च्या अकरा वीरांना विसरत नाही. आयुष्यभर त्या क्लबाशी एकनिष्ठ राहिलेल्या गोष्ठ पाल यांचा पुतळा कलकत्त्याच्या मैदानाजवळ उभा आहे. ईस्ट बंगाल आपल्या पन्नासच्या दशकातील पाच आघाडीवीरांना पंचपांडव म्हणून गौरवतो. हे योग्यच आहे. घराने घरच्या माणसाची आठवण ठेवावी. परंतु ज्याने अनेक घरांची राखण केली, तो प्रत्येक घरच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदापुरता उरतो. सगळे परिच्छेद एकत्र केले तरच त्याचे आयुष्य उभे राहते, आणि ते एकत्र करण्याचे काम कोणत्याच घराचे नसते. ते काम त्याच्या जन्मगावाने करायचे असते.

पण जन्मगावाची स्थिती काय? रहीमसाहेबांनंतर हैदराबादच्या फुटबॉलला उतरती कळा लागली. १९६५-६६ चा संतोष करंडक आंध्र प्रदेशने जिंकला, ती त्या दिव्याची मोठी झालेली अखेरची ज्योत. एका गुरूच्या खांद्यावर उभी राहिलेली परंपरा त्या गुरूबरोबर खचली, आणि चांगले खेळाडू जेथे नोकरी आणि मान मिळेल तेथे गेले. सिकंदराबादच्या अम्मुगुड्याचे बलराम हे ईस्ट बंगालचे झाले, आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा बंगालने त्यांचा शोक आपल्या माणसासारखा केला. २०२४ मध्ये रहीमसाहेबांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला आणि मग या शहरातल्या अनेक तरुणांना कळले की असे कोणी आपल्या गावात होऊन गेले. चित्रपट निघाला याचा आनंद आहेच; परंतु गावाची स्मृती जागी होण्यास साठ वर्षे आणि मुंबईचा पडदा लागावा, हे विचार करायला लावणारे आहे.

मित्रहो, या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज कोणत्या ना कोणत्या चाकरीच्या निमित्ताने या शहरात आले. काही दप्तरात कारकून होते, काही वकील, काही शिक्षक, काही व्यापारी. राज्ये बदलली. संस्थान गेले, हैदराबाद राज्य आले आणि गेले, आंध्र प्रदेश आला, २०१४ मध्ये तेलंगण आले. आपण येथेच राहून प्रत्येक राज्याची प्रामाणिक सेवा केली आणि घरात मराठी बोललो. आपली मुले पुण्या-मुंबईला, बंगळूरला, सातासमुद्रापार गेली. महाराष्ट्राच्या इतिहासात आपण एक तळटीप आहोत आणि तेलंगणाच्या इतिहासातही एक तळटीपच आहोत. याबद्दल रडगाणे गाण्याचे कारण नाही. थंगराज यांनीही तसे काही केल्याचे कोठे आढळत नाही. त्यांनी प्रत्येक ठिकाणी चोवीस फुटांची ती चौकट आपली मानली आणि ती राखली. पण रडगाणे न गाणे म्हणजे नोंद न ठेवणे नव्हे.

म्हणून या संस्थेपुढे मी एक सूचना विनयपूर्वक ठेवतो. शाळेजवळ एक दप्तर आहे, ते म्हणजे दाखलखारिजाचे रजिस्टर. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे येणे लिहिलेले आहे आणि जाणे लिहिलेले आहे. जाण्याच्या रकान्यापुढे पान कोरे राहते. ते कोरे पान भरण्याचे काम माजी विद्यार्थी संघाने हाती घ्यावे. कोण कोठे गेला, कोणाच्या चाकरीत राहिला, काय घडवले, काय राखले, हे ज्याचे त्याने दोन पानांत लिहून शाळेकडे पाठवावे. त्यात केवळ मोठे हुद्दे मिळवणाऱ्यांचीच नावे असू नयेत. रेल्वेत, दवाखान्यात, छापखान्यात, परगावच्या शाळेत ज्यांनी आयुष्यभर अपघात, आजार, चुका आणि अज्ञान थोपवून धरले, त्यांचेही काम गोलरक्षकाचेच आहे. जे टळले त्याची नोंद जगाच्या धावफलकावर होत नसते. ती जन्मघरीच व्हावी लागते. अशी नोंदवही दहा वर्षे नेटाने चालवली तर पुढच्या पिढीतील एखाद्या राजवाड्याला माळे धुंडाळावे लागणार नाहीत.

पीटर थंगराज यांनी मद्रास रेजिमेंटचा गोल राखला, सेनादलाचा राखला, कलकत्त्याच्या तीन प्रतिस्पर्धी क्लबांचा राखला आणि भारताचा राखला. यांपैकी कोणत्याही एका नावापुढे त्यांचे नाव लिहून थांबणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. सारी नावे एका पानावर लिहिली आणि वर गावाचे नाव सिकंदराबाद असे घातले, म्हणजे त्या शिलेदाराचा हिशेब पुरा होतो.